प्रत्येक गणितात २३० घालू नका

सूत्रं दोनच आहेत. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, दोघांचा गुणाकार केला की वॉट. आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही घडाघडा म्हणून दाखवतं. पण माझ्याकडे शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण करंट मीटरने मोजतो आणि व्होल्टेज मनानेच २३०, म्हणजे घरच्या लाइनचं ठरलेलं, धरतो.

मागच्या रब्बीत वस्तीवरच्या एका घरातून तक्रार आली, २००० वॉटचा गिझर पाणीच तापवत नाही. संध्याकाळची वेळ, शिवारातल्या मोटारी चालू. माझ्या हाताखालच्या पोराने क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावला, ७.२ अँपिअर आले. मोबाइलवर २३० भागिले ७.२ केलं, ३२ ओहम. २००० वॉटच्या कॉइलला साडेसव्वीसच्या आसपास हवेत, म्हणजे कॉइल गेली. त्याने नवी बसवूनही टाकली. घरमालकाचे पैसे गेले, पाणी कोमट ते कोमटच.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी गेलो. गिझर चालू ठेवून त्याच्याच टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडतात त्या जागी, व्होल्टेज पाहिलं: १९०. भागिले ७.२, उत्तर २६.४. जुन्या कॉइलला काहीही झालेलं नव्हतं. वॉट काढले तर १३७० च्या आत. व्होल्टेज १७ टक्के पडलं की असल्या कॉइलचे वॉट ३२ टक्के पडतात, कारण करंटही सोबतच घटतो. दोन मिनिटं वाचवायला गेला आणि दुसऱ्याच्या खिशाला कात्री लावली, याचा मला आजही राग येतो.

माझी सवय अशी: लोड चालू असताना, त्या वस्तूच्या टर्मिनलवरच, दोन्ही आकडे लागोपाठ घ्यायचे आणि वहीत शेजारी शेजारी लिहायचे. मेन बोर्डावरचं व्होल्टेज चालत नाही. एक चौरस मिलिमीटर तांब्याची ३० मीटर एक्स्टेन्शन धरा. जाऊन-येऊन ६० मीटर वायर, म्हणजे साधारण १.१ ओहम. ८ अँपिअरला ९ व्होल्ट वाटेतच जातात आणि ७० वॉट नुसती वायर तापवतात. गुंडाळी न सोडता वापरलेली वायर हाताला चटका देते, तो याचाच.

पिवळ्या बल्बचं आणखी वेगळं. १०० वॉटचा बल्ब पेटलेला असताना २३० व्होल्टला ५२९ ओहम दाखवतो, थंड असताना मीटरने मोजला तर चाळिसाच्या आसपास. बल्ब खराब नाही. टंगस्टन तापलं की त्याचा रेझिस्टन्स कितीतरी पट वाढतो. गिझरच्या नायक्रोम कॉइलमध्ये हा फरक फारच थोडा, म्हणून ती थंड मोजली तरी चालते. मात्र लाइन बंद करून आणि एका बाजूची वायर सोडवूनच.

मिलिअँपिअरला आधी हजाराने भागा. १२ व्होल्ट, २० मिलिअँपिअर म्हणजे पाव वॉटही नाही. २४० वॉट लिहून आणणारे मी पाहिले आहेत.

मोटारीला नुसता गुणाकार करून वॉट म्हणू नका, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरा कामाला लागणारा हिस्सा, धरा.

आणि करंट मोजून झाला की मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकातून लगेच काढा. त्या जागी मीटरचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असतो. तशीच पिन ठेवून फेज-न्यूट्रलला प्रोब लावले की थेट शॉर्ट होतो, आणि मीटर तर तुमच्या हातात असतो.