छतावरचे रेडियमचे तारे काढले, पण चिकट डाग रंगातूनही वर येत होते

२०-२२ वर्षांपूर्वी मुलांच्या खोलीत छतावर अंधारात चमकणारे तारे लावायची टूम होती. (म्हणायचं रेडियम, पण त्यात रेडियम नसतं; झिंक सल्फाइडसारखी पावडर असते.) आता ते पिवळे पडले होते. काही ओढून काढले तर पुट्टीचे पोपडे आले आणि फोमच्या टेपचा गोंद तिथेच राहिला.

पत्र्याच्या पट्टीने खरवडलं, खड्डे पडले. थिनर लावला, रंग विरघळून डाग पसरला. वैतागून वरून इमल्शन (भिंतीचा पाण्याचा रंग) मारलं, तर आठवड्यात तेच पिवळे ठिपके परत दिसायला लागले.

शेवटी जमलं ते असं. आधी पंख्याचा मेन स्विच बंद, डोळ्यांवर चष्मा. हेअर ड्रायरने उरलेल्या एकेका ताऱ्याला अर्धा मिनिट ऊब दिली आणि जुनं एटीएम कार्ड आडवं सरकवलं. घाई करू नका, टेप मऊ झाल्याशिवाय जोर लावला की पुट्टी आलीच. उरलेला गोंद कोमट असतानाच बोटाने चोळला, त्याच्या गोळ्या होऊन तो सुटतो. मग साबणाच्या पाण्याचं फडकं, एक दिवस वाळवण. १८० नंबरचा पॉलिश पेपर, खड्ड्यांत पुट्टी, वाळल्यावर २२० नंबरचा पेपर.

खरी मेख पुढे आहे: डागांवर पाण्याचा नव्हे, ऑइल बेस प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) लावायचा. पाण्याच्या प्रायमरमधून डाग झिरपतो. रात्रभर वाळू दिला, मग इमल्शनचे दोन हात. पावसाळा गेला, ठिपका नाही.