सरकारी दाखले ब्लॉकचेनवर न्यायचेत? आधी काय न्यायचं नाही ते ठरवा

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली, जुनी नोंद पुसता न येणारी नोंदवही. ऑफिसात तिचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो कुठली चेन घ्यायची, खरं तर तो शेवटी विचारायचा. उदाहरण म्हणून प्रांत ऑफिसातून निघणारा जातीचा दाखला घेऊ. तोच दाखला कॉलेजला लागतो, समाजकल्याणला लागतो, पडताळणी समितीला लागतो आणि प्रत्येकजण तो खरा आहे का हे नव्याने तपासत बसतो. २०२२ मधे गडचिरोलीतल्या एटापल्लीत असे ६५ हजार दाखले पॉलिगॉन नावाच्या पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या चेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं होतं, त्यामुळे हे काही हवेतलं नाहीये.

तर सगळ्यात आधी, दाखला चेनवर टाकायचाच नाही. नाव, जात, गाव, आधार, काहीच नाही. तिथे गेलेलं पुसता येत नाही, उद्या कोर्टाने काढा म्हटलं तर काय काढणार? मूळ दाखला आपल्या सर्वरवर ठेवायचा आणि चेनवर फक्त त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला एक छोटा कोड, दाखल्याच्या अंगठ्याचा ठसाच समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो.

इथे दोन गोष्टीत लोक हमखास अडकतात. नुसत्या आधार नंबरचा हॅश केला तर तो गुप्त राहत नाही, १२ आकडीच तर नंबर आहे, सगळे नंबर एकेक करून हॅश करत गेलं तर चांगल्या ग्राफिक कार्डवर काही मिनिटांचं काम, म्हणून प्रत्येक दाखल्याला वेगळा रँडम मजकूर, म्हणजे सॉल्ट, जोडूनच हॅश करा आणि तो सॉल्ट दाखल्यासोबत जपा. दुसरी भानगड खास मराठीची. कऱ्हाडे हे आडनाव स्क्रीनवर सारखंच दिसतं पण त्यातला ऱ एका कोडने टाइप झालाय, की र आणि नुक्ता असा दोन कोडने, की र, हलन्त आणि मधे न दिसणारा जॉइनर घालून, त्यावर हॅश बदलतो आणि खरा दाखला खोटा ठरतो. म्हणून हॅशच्या आधी मजकूर नॉर्मलाइझ करा, म्हणजे एक अक्षर नेहमी एकाच कोडने येईल असं बघा, अदृश्य अक्षरांचा नियम ठरवा आणि रकान्यांचा क्रम पक्का करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोचा हॅश कधीच जुळणार नाही, तिथे छापील दाखल्यावर क्यूआर हवाच.

आता चेन. माझं मत, परवानगीवाली घ्या, म्हणजे ठरलेल्या खात्यांनाच जिच्यात भाग घेता येतो अशी. हायपरलेजर फॅब्रिक आहे, नाहीतर सप्टेंबर २०२४ मधे केंद्राने आणलेली विश्वस्य, जी एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेच्या पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वरच्या डेटा सेंटरवर चालते. पण नोड, म्हणजे चेनची प्रत ठेवणारे संगणक, कोणाकडे हे आधी लिहून घ्या. महसूल, समाजकल्याण, शिक्षण असे वेगवेगळ्या खात्यांकडे असतील तर अर्थ आहे, सगळे एकाच खात्याकडे असतील तर डिजिटल सही केलेला साधा डेटाबेस पुरतो, उगाच खर्च कशाला. एस्टोनिया या देशाचं उदाहरण सगळे देतात पण तिथे खात्या-खात्यात डेटा नेणारं एक्स-रोड २००१ पासूनचं आहे आणि ते ब्लॉकचेन नाही.

दाखला रद्द झाला तर जुनी नोंद तशीच राहू द्या, वर "रद्द" अशी नवी नोंद टाका, आणि तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर हॅश जुळला एवढंच न दिसता आज चालू आहे की रद्द तेही दिसलं पाहिजे.

खरी काळजी घ्यायची ती डीएससी टोकनची, म्हणजे डिजिटल सही करायच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीची. साहेबांचं टोकन ऑपरेटरच्या ड्रॉवरमधे आणि पिन चिठ्ठीवर असेल तर बोगस दाखलासुद्धा कायमचा पक्का होईल, चेनला काय कळतंय! नोंद जाण्याआधी दोन जणांची मंजुरी ठेवा.

सुरुवात एका तालुक्यातल्या नव्या दाखल्यांनी करा, जुनी रजिस्टरं नंतर. आणि चालू करण्याआधी दाखला घेणाऱ्या ऑफिसातल्या क्लार्कला काही दाखले तपासायला द्या, त्यात दोनचार मुद्दाम बदललेले, एखादा रद्द केलेला, आणि एकदा नेट बंद करूनही बघा तो काय करतो ते.