खान्देशात स्विंग शिकवायचंय? आधी ठेका, मग हात

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, वरातीचा बँड सुरू झाला की आबांपासून नातवापर्यंत सगळे रस्त्यावर उतरतात. इथल्या लोकांना नाचायला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते दोघांनी मिळून एकच ठेका ऐकणं. स्विंग म्हणजे जॅझ संगीतावरचं जोडीचं नृत्य. त्याचे नवे शिक्षक पहिल्याच दिवशी जोड्या लावतात आणि पावलं मोजायला सांगतात. मग शिकणाऱ्याच्या डोक्यात पावलांचा हिशोब आणि मनात परक्याचा हात धरल्याचा संकोच, अशी दोन ओझी एकदम येतात. दुसऱ्या आठवड्यात निम्मा वर्ग रिकामा होतो. म्हणून पहिले तीन वर्ग प्रत्येकाला एकट्याने नाचू द्या. हात चौथ्या वर्गात धरायचा.

जागा आणि बूट

एका जोडीला साधारण २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा लागते. ३० बाय २० फुटांच्या हॉलमध्ये १२ जोड्या आरामात मावतात, त्यापुढे कोपर लागायला सुरुवात होते. लाकडी फरशी उत्तम, पण आपल्याकडे ती क्वचितच मिळते. घासून गुळगुळीत झालेली शहाबादी किंवा पॉलिश केलेला कोटा चालतो. खरखरीत कोबा टाळा. चकचकीत टाइल्स कोरड्या असताना चालतात, पण घामाचा किंवा पाण्याचा एक थेंब पडला की पाय सटकतो, म्हणून फडकं हाताशी ठेवा. निसरडं करायला पावडर मुळीच टाकू नका.

फरशी आणि बूट जुळतात का ते वर्गाआधी स्वतः तपासा. पंजावर उभं राहून पाव वळण घ्या. तळवा फिरायच्या आधी गुडघ्याला पीळ जाणवला, तर पकड जास्त आहे. खोल नक्षीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये हेच होतं आणि महिनाभरात गुडघे दुखू लागतात. सपाट तळव्याचे कॅनव्हास बूट घ्यायला सांगा. कोबाच नशिबी असेल, तर मोच्याकडून फक्त पंजाखाली पातळ चामडं लावून घ्यावं आणि टाचेचं रबर तसंच ठेवावं, म्हणजे थांबता येतं. टाइल्सवर हे चामडं लावू नका. चपला नकोतच. काचेच्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळं काढून ठेवायची आणि ओढणी कमरेला बांधायची.

तुकडी सुरू करायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले. संध्याकाळी हवा गार असते आणि नवरात्रातल्या गरब्याने पाय मोकळे झालेले असतात. आसपासच्या गावांतून लोक येणार असतील, तर कापूस वेचणीचा अंदाज घेऊन वार ठरवा. एप्रिल-मे सोडून द्या. पारा ४२-४४ वर आणि त्यात लग्नसराई, हॉलही मिळत नाही आणि माणसंही. गाणी मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, स्पीकर चार्ज करून आणा. लाइट गेली तरी वर्ग थांबता कामा नये. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज फार घुमतो, तिथे स्पीकर खाली न ठेवता छातीच्या उंचीवर, एका बाजूला ठेवा.

पहिली पाच मिनिटं

हे नृत्य कुणाचं, ते आधी सांगा. आपण शिकवतो तो स्विंगचा प्रकार म्हणजे लिंडी हॉप. तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नर्तकांनी घडवला. १९२६ मध्ये उघडलेला तिथला सॅव्हॉय बॉलरूम १९५८ पर्यंत चालला आणि तिथे काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचत, जे त्या काळी अमेरिकेत फार दुर्मीळ होतं. ड्रमवादक चिक वेबचा जॅझ बँड तिथे वाजायचा. फ्रँकी मॅनिंग आणि नॉर्मा मिलर हे नामवंत लिंडी हॉप नर्तक याच फ्लोअरवर तयार झाले. सातपुड्यातल्या पावरा लोकांचं नृत्य कुणी दुसऱ्याच नावाने खपवलं, तर आपल्याला कसं वाटेल? तोच मान इथेही द्यायचा.

ठेका

गाणी निवडताना १५ सेकंदांतले ठेके मोजा आणि चारने गुणा. नवशिक्यांसाठी मिनिटाला १२० ते १४० ठेके योग्य. फार संथ गाणं सोपं जाईल असं वाटतं, पण त्यात तोल सांभाळणं अवघड जातं. १६० च्या पुढे पावलं चुरगळतात.

पहिल्या वर्गात नुसत्या टाळ्या. आपला हात सवयीने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, स्विंगमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येते. एक आणि तीनवर पाय, दोन आणि चारवर टाळी, असं दहा मिनिटं करवून घ्या. गाणं वेग घेतं तशी वर्गाची टाळी हळूच पहिल्या मात्रेवर सरकते. तेव्हा ओरडून आकडे सांगू नका. गाणं थांबवा, पाय पुन्हा सुरू करा, मग टाळी.

दुसरी गोष्ट म्हणजे उसळी. वरातीच्या नाचात अंग वर उडतं. स्विंगमध्ये प्रत्येक मात्रेला अंग खाली, जमिनीत जातं: गुडघा सैल, छाती किंचित पुढे, टाच हलकी. शिकणाऱ्याला स्वतःचा तळहात डोक्यावर ठेवायला सांगा. मात्रेवर हात वर ढकलला जात असेल, तर तो उडतोय. हात खाली जात असेल, तर बरोबर. एवढं जमलं की पुढचं निम्मं काम आपोआप होतं.

मग ट्रिपल स्टेप. एका मात्रेचे तीन भाग पाडा. पहिल्या भागावर एक पाऊल, तिसऱ्यावर दुसरं, पुढच्या मात्रेवर तिसरं. तोंडाने ‘धा ऽ क धा’ म्हणायला लावा. मधला ऽ गाळून ‘धा क धा’ असं सरळ झालं की स्विंगचा डौल जातो आणि कवायत दिसते. पावलं लहान, पायाच्या रुंदीएवढीच. मोठी पावलं पडली की तिसरं पाऊल हमखास उशिरा येतं.

सहाचं पाऊल, आठचं गाणं

मूळ पाऊल सहा मात्रांचं आहे. एक-दोनला रॉक स्टेप (एक पाय मागे टाकून वजन पुन्हा पुढच्या पायावर आणणं), तीन-चारमध्ये एक ट्रिपल, पाच-सहामध्ये दुसरं. लीड करणारा, म्हणजे दिशा देणारा, डाव्या पायाने मागे सुरू करतो, फॉलो करणारा, म्हणजे त्याच्यामागे जाणारा, उजव्या. रॉक स्टेपला मागचा पाय अर्ध्या पावलापेक्षा लांब टाकायचा नाही आणि टाच टेकवायची नाही. टाच टेकली की वजन मागे जातं आणि तीनवर पुढे यायला वेळ पुरत नाही. ‘माझा ठेका सुटतो’ अशी तक्रार आली की आधी ही टाच बघा.

इथे भजन-तबल्याचा कान असलेल्यांचा एक हमखास प्रश्न येतो: गाणं आठ-आठच्या ओळींत चालतं आणि पाऊल सहाचं, मग सम कुठे? प्रश्न अगदी रास्त आहे. दादऱ्याचं आवर्तन केरव्यावर ठेवल्यासारखं हे आहे. सहाची चार आवर्तनं म्हणजे २४ मात्रा आणि आठची तीन म्हणजेही २४. चौथं आवर्तन संपलं की पाऊल आणि ओळ पुन्हा एकत्र सुरू होतात. अर्ध्या वर्गाला टाळीने आठ मोजू द्या, अर्ध्यांना पावलाने सहा. २४ मात्रांनंतर दोघांचा ‘एक’ एकत्र पडतो, तेव्हा चेहरे बघण्यासारखे असतात.

चौथा वर्ग: हात

लीड म्हणजे पुरुष आणि फॉलो म्हणजे बाई, असं ठरवू नका. बायका-बायका, भाऊ-भाऊ, नवरा-बायको, ज्याला जशी सोय वाटेल तशी जोडी. दर तीन मिनिटांनी जोडी बदला, पण ज्यांना बदलायची नाही त्यांना कडेला एकत्र राहू द्या, कारण विचारू नका. ‘नाचायचं का?’ विचारल्यावर ‘नको’ हे पूर्ण उत्तर आहे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. मुलींसोबत आलेल्या आई-वडिलांसाठी भिंतीलगत खुर्च्या टाका. लपवण्यासारखं काही नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं की शंका उरत नाही, आणि बऱ्याचदा पुढच्या तुकडीत तेच नाव नोंदवतात.

पकड अशी: लीडची बोटं आकड्यासारखी वर वळलेली, फॉलोची बोटं त्यांवर वरून टेकलेली, अंगठा मोकळा. कोपर वाकलेलं, अंगाच्या पुढेच. अंगठ्याने दाबलं की वळताना मनगट मुरगळतं. ‘दादा, हात सैल, अंगाने न्या’ हे वाक्य शंभरदा म्हणावं लागेल, म्हणा.

दोघांमधला ताण समजावायला फुगडीसारखं साधन नाही. कानबाईच्या मिरवणुकीत फुगडी खेळलेल्या ताईंना हे अंगातूनच माहीत असतं: मागे झुकायचं, समोरच्याच्या वजनावर फिरायचं. त्यांना आधी दोन गिरक्या घेऊ द्या. मग फरक दाखवा. फुगडीत हात सुटला तर दोघी पडतात. स्विंगमध्ये ताण तसाच, पण प्रत्येकाचं वजन स्वतःच्या पायांवर. तपासणी सोपी आहे. जोडीला हात धरून किंचित मागे जायला सांगा आणि तुम्ही ‘सोडा’ म्हणाल तेव्हा बोटं उघडायला लावा. दोघंही जागच्या जागी उभे राहिले, तर ताण बरोबर. कुणी मागे धडपडलं, तर तो समोरच्यावर लटकत होता. भिंतीपासून लांब, दर वर्गात दोनदा हे करा.

पुढे

पाचवा आणि सहावा वर्ग फक्त सहाच्या पावलात वळणं. सातव्यापासून आठ मात्रांचं पाऊल: रॉक स्टेप, ट्रिपल, दोन चालती पावलं, ट्रिपल. ते पक्कं झाल्यावर स्विंगआउट, म्हणजे फॉलो लीडकडे येतो आणि वळून पुन्हा लांब जातो ती चाल. त्यात टक्कर होते ती बहुतेक वेळा लीडमुळे. फॉलो समोरून येत असताना तो वाटेतच उभा राहतो. तीन-चारच्या ट्रिपलवर त्याने बाजूला होऊन वाट मोकळी करायची. जमिनीवर खडूने दोन समांतर रेघा ओढा, तीनवर त्याचा पाय रेघेबाहेर दिसला पाहिजे. उचलून फेकण्याचे प्रकार व्हिडिओत पाहून मुलं करायला जातील. गर्दीच्या फ्लोअरवर त्यांना साफ बंदी.

आठव्या वर्गानंतर आठवड्यातून एक संध्याकाळ नुसतं नाचायला ठेवा, शिकवणं बंद. तिथे कुणी कुणाला न विचारता चूक सांगायची नाही. आणि तुकडीतल्या दोघांना पुढच्या तुकडीत टाळ्यांचा पहिला वर्ग घ्यायला सांगा, तुम्ही मागच्या ओळीत उभे राहा. त्यांचं ‘धा ऽ क धा’ सरळ झालं, तर वर्ग संपल्यावर बाजूला घेऊन सांगा.