समाजमंदिरातील मुलांचा कलावर्ग: सुरू कसा करावा आणि टिकवावा कसा

महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत आणि शहरांतील वस्त्यांत एक समाजमंदिर असते. काही ठिकाणी सकाळी तेथे अंगणवाडी भरते, अधूनमधून बारसे, हळद किंवा तेराव्याचे जेवण होते, निवडणुकीत मतदान केंद्र लागते आणि उरलेला काळ दाराला कुलूप असते. ते दार आठवड्यातून तीन वेळा मुलांसाठी उघडावे आणि तेथे चित्र, माती, नाटक, वाचन व थोडे गणित यांचा वर्ग वर्षभर चालवावा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे लेखन आहे. उन्हाळी शिबिराचा विचार येथे केलेला नाही. शिबिर आठ-दहा दिवसांत संपते आणि त्यात मुलांना मजा येते हे खरे, पण शिबिरात शिकलेली गोष्ट पुन्हा करून पाहायला मुलाला नंतर जागा उरत नाही.

पहिले काम परवानगीचे. समाजमंदिर ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या ताब्यात असते आणि पुष्कळदा त्याची किल्ली एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्याकडे असते, म्हणून अर्ज कार्यालयात द्यावा आणि बोलणे दोन्हीकडे करावे. अर्जात वार, वेळ, मुलांची अंदाजे संख्या आणि जबाबदार असणाऱ्या दोन प्रौढ व्यक्तींची नावे लिहावीत. गाव असेल तर मासिक सभेत तसा ठराव करून घेऊन त्याची प्रत जवळ ठेवावी. तोंडी होकारावर चाललेला वर्ग पुढची कार्यकारिणी आली की बंद पडतो. आमच्या पहिल्या वर्षी लग्नसराईचा विचार आम्ही केलाच नव्हता आणि संपूर्ण मे महिना आम्हाला पायरीवर बसून काढावा लागला. तेव्हापासून आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच आरक्षणाच्या तारखा मागून घेतो आणि त्या दिवसांसाठी देवळाचा सभामंडप किंवा शाळेची पडवी आधीच ठरवून ठेवतो. परवानगीबरोबरच कुलूप लावता येईल असे एक कपाटही मागावे. रंग, पुस्तके आणि मुलांची अर्धवट कामे रोज घरी न्यावी लागली, तर दोन महिन्यांत चालवणाऱ्याचाच उत्साह संपतो.

वेळ ठरवताना पालकांना विचारण्याआधी मुलींना विचारावे. नळाला पाणी किती वाजता येते, आई कामावरून केव्हा परतते, धाकट्या भावंडाला कोण सांभाळते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर वर्गात मुली येणार की नाही हे ठरते. पाणी संध्याकाळी सहाला येत असेल आणि वर्ग साडेपाच ते सात असेल, तर दहा-बारा वर्षांच्या मुली आठवडाभरात गळतात आणि त्या का गेल्या हे कोणी सांगत नाही. धाकटे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत पाठवू नये. त्या लहानग्यासाठी कोपऱ्यात सतरंजी, दोन डबे आणि मातीचा एक गोळा ठेवला की पुरते. सुरुवात शाळांबरोबर, म्हणजे जूनच्या मध्याला करावी आणि मंगळवार, गुरुवार व रविवारची सकाळ असे वार पक्के करावेत. एकदा ठरलेला वार आणि वेळ बदलू नये. पाऊस असो वा भारताचा सामना, दार त्या वेळेला उघडलेच पाहिजे. पाच मुले आली तर पाच मुलांबरोबर वर्ग घ्यावा, कारण ‘आज वर्ग आहे का?’ असा प्रश्न मुलांना पडू लागला की त्या वर्गाचे दिवस भरत आले असे समजावे.

पंचवीस मुलांमागे दोन प्रौढ असावेत आणि तिसरी व्यक्ती हाताशी असावी. शिकवणारे लोक बाहेरून आणण्याआधी वस्तीत शोधावेत. भजनी मंडळातील पखवाजवादक, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, गणपतीच्या कारखान्यात हंगामी काम करणारा तरुण, निवृत्त शिक्षिका, सुतारकाम करणारे काका यांच्यापैकी प्रत्येकाकडे मुलांना देण्यासारखे चार वर्ग तरी असतात. त्यांना मानधन द्यावे, निदान येण्याजाण्याचा खर्च द्यावा. फुकट बोलावलेला माणूस लग्नाचे काम आले की येत नाही आणि त्यात त्याची चूक नसते. जवळ महाविद्यालय असेल तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे. या योजनेतील विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि त्यांतले काही तास तुमच्या वर्गाला मिळू शकतात. मात्र परीक्षेच्या महिन्यात ही मुले येणार नाहीत, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

पालक बहुधा गृहपाठ करून घेण्याची मागणी करतील. ती धुडकावू नये आणि पूर्ण मान्यही करू नये. रविवार सोडून इतर दोन दिवशी शेवटचा अर्धा तास गृहपाठाला द्यावा आणि त्यापलीकडे शिकवणी होणार नाही, हे पहिल्याच पालकसभेत स्पष्ट सांगावे. गणित शिकवायचे तर ते कलेतूनच आले पाहिजे, आणि त्यासाठी आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. ‘५ ते ३’ ठिपके म्हणजे मधल्या ओळीत पाच आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपका कमी करत तीनपर्यंत जायचे. सात-आठ वर्षांची मुले ते जमिनीवर खडूने काढून मोजतात आणि १९ हे उत्तर मिळते. थोड्या मोठ्यांना ‘७ ते ४’ द्यावे, तेथे ३७ होतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ‘१५ ते ८’ देऊन, न मोजता उत्तर काढायला सांगावे. एखादी मुलगी चौदा आणि आठ, तेरा आणि नऊ अशा जोड्या लावू लागते, एखादा मुलगा एकच बाजू मोजून दुप्पट करतो आणि मधली ओळ विसरतो. शेवटी १६९ वर सगळे पोहोचले की तेरा गुणिले तेराही तेवढेच होतात, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. नंतर त्याच ठिपक्यांवर रांगोळी काढून रंग भरावेत. या एका कामाला सहज दोन दिवस पुरतात, आणि मुलग्यांना रांगोळीला बसवायचे असेल तर मोजणीची शर्यत हा उत्तम मार्ग ठरतो.

चित्रकलेत सर्वांत मोठी चूक म्हणजे फळ्यावर डोंगर, सूर्य आणि नारळाचे झाड काढून मुलांना ते उतरवायला सांगणे. वारली चित्रशैली शिकवतानाही हेच होते: इंटरनेटवरून तारपानृत्याचे चित्र काढून त्याच्या पंचवीस नकला केल्या जातात. त्याऐवजी आधी ही कला कोठून आली ते सांगावे. आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत लग्नाच्या वेळी सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आणि त्यात पालघाट देवी येई. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सांगून झाल्यावर साहित्य मुलांकडूनच तयार करून घ्यावे. जाड खाकी कागदावर गेरू कालवून फासावा व वाळू द्यावा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घालावा आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिचा कुंचला करावा. दोन त्रिकोणांची टोके जुळवून माणूस कसा होतो हे एकदाच दाखवावे आणि मग आपली गल्ली, नळावरची रांग, भाजीची गाडी, रिक्षातळ त्या त्रिकोणांत काढायला सांगावे. पहिल्या दिवशी मुले अडखळतात. दुसऱ्या दिवशी मात्र आजीचा त्रिकोण वाकलेला कसा दाखवायचा, यावर त्यांचा वाद सुरू होतो आणि तेथून पुढे तुम्हाला फारसे बोलावे लागत नाही.

साहित्यावर खूप खर्च करण्याची गरज नाही. लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा अशा पोस्टर रंगांच्या मोठ्या बाटल्या, दोन मापांचे कुंचले, खडू, सुतळी आणि गेरू एवढ्यावर सुरुवात होते. इतर छटा मुलांनीच मिसळून कराव्यात. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रिळांचे उरलेले कागद मिळतात, त्यावर मोठी चित्रे होतात. शाडूची माती प्रत्येक मुलाला चारशे ग्रॅम पुरते आणि न भाजलेले काम मोडून ती पुन्हा भिजवता येते. ब्लेड आणि कटर मात्र प्रौढांच्याच हाती असावेत.

वाचनासाठी रोज वीस मिनिटे काढावीत आणि पुस्तक मोठ्याने वाचावे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेली वाचनालये तालुक्याच्या गावी तर असतातच, शिवाय अनेक लहान गावांतही असतात. त्यांच्याकडे संस्थेच्या नावाने पन्नास बालपुस्तके एकदम मिळतील का, याची लेखी विचारणा करावी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत असून त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे एका फोनवरसुद्धा वर्गाला वर्षभर पुरेल इतका मजकूर हाती येतो. गोष्ट ऐन रंगात आली की थांबावे आणि पुढे काय झाले असेल ते मुलांना लिहायला किंवा करून दाखवायला सांगावे. नाटकाची सुरुवात येथूनच होते.

छापील बालनाट्य घेऊन पाठांतर करून घेण्यापेक्षा मुलांच्या प्रसंगांतून नाटक उभे राहू द्यावे, असे माझे मत आहे. ठाण्यात ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला आणि वस्त्यांमधील मुलांनी स्वतःच्या जगण्यावरच्या नाटिका स्वतः रचून सादर केल्या. आपण काय करू पाहत आहोत, हे समिती सदस्यांना समजावून सांगायला ते उदाहरण उपयोगी पडते. नाटकात घरातील गोष्टी बाहेर येतात. दारूचा किंवा मारहाणीचा प्रसंग मुलाने सादर केला, तर तेथे हसू नये, लगेच खोदून विचारूही नये आणि तो प्रसंग पालकांसमोर करायचा की नाही याचा निर्णय मुलावर सोडावा.

सुरक्षिततेचे नियम लेखी हवेत आणि ते स्वयंसेवकांनी सही करून मान्य केलेले असावेत. कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, लहान मुलाला घ्यायला कोण येणार हे नोंदवहीत लिहिलेले असेल, पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे कोठेही टाकली जाणार नाहीत आणि स्वच्छतागृहात दिवा व आतून लागणारी कडी असेल, एवढे किमान नियम आहेत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘गावातले प्रकरण गावात मिटवू’ असे म्हणणाऱ्यांना हे शांतपणे सांगावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांना वाचता येईल अशा उंचीवर भिंतीवर रंगवावा. तो रंगवण्याचे कामही मुलांनाच द्यावे.

स्नेहसंमेलनाचा आग्रह पहिल्याच वर्षी होईल. संमेलन ठरले की दोन महिने वर्ग बंद पडून चित्रपटगीतांवरचे नाच बसवले जातात, पोशाखाचे पैसे ज्यांना परवडत नाहीत ती मुले हळूच बाजूला होतात आणि व्यासपीठावर सत्कार मात्र मोठ्यांचे होतात. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी एका रविवारी दार सर्वांसाठी उघडावे, सुतळीवर चित्रे टांगावीत आणि प्रत्येक मुलाने आपल्या चित्रापाशी उभे राहून येणाऱ्याला ते कसे केले हे सांगावे. क्रमांक काढू नयेत. मोठ्या मुलांनाच स्पर्धेची हौस असेल तर शासनाची राज्य बालनाट्य स्पर्धा असते, पण तो विचार दोन वर्षांनी करावा.

हजेरीच्या वहीत केवळ उपस्थिती लिहू नये. त्या दिवशी काय केले, काय फसले आणि कोण गप्प होते, याच्या दोन ओळी लिहाव्यात. सलग तीन वेळा न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन यावे आणि तेथे तक्रारीचा सूर न लावता चहा घेऊन परतावे. पहिले वर्ष संपता संपता किल्लीची दुसरी प्रत करून ती दुसऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावी आणि महिन्यातून एक वर्ग तिने एकटीने उघडावा, चालवावा व बंद करावा. त्या दिवशी तुम्ही तिकडे फिरकू नये.