नव्या मासिकासाठी पोस्टाची सवलत कशी मिळवावी

मासिक काढायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष मुखपृष्ठाकडे आणि पहिल्या अंकातल्या लेखांकडे असतं. वर्गणीदाराच्या घरी अंक पोचवायला काय पडेल, हा हिशेब बहुतेक जण छापखान्याचं बिल हातात पडल्यावर करतात. तो आधी करा. शंभर ग्रॅमचा अंक साध्या पत्राच्या दराने, म्हणजे वीस ग्रॅमला पाच रुपयांप्रमाणे पाठवला तर २५ रुपये लागतात. वर्षाची वर्गणी ३०० रुपये असेल तर ती सगळीच्या सगळी तिकिटांत गेली. मधले पर्याय असतात, पण नोंदणीकृत नियतकालिकाच्या सवलतीच्या जवळपास त्यातला एकही येत नाही.

सवलतीचा वर्षानुवर्षे चालत आलेला दर असा : ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे, १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे आणि पुढच्या प्रत्येक १०० ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला २० पैसे. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, पण पोस्टाच्या तक्त्यातून काही ते गेलं नाही. अर्ज करायला जाल त्या दिवशी लागू असलेला तक्ता खिडकीवर विचारून घ्या आणि त्यावरच अंदाजपत्रक बांधा.

आधी बघा, मासिक यात बसतं का

ही सवलत फॉर्म भरून मिळते असं वाटतं. खरं तर मासिकाची घडण ठरवतानाच ती मिळते किंवा हातची जाते. १८९८च्या पोस्ट कायद्याने तीन कसोट्या घातल्या होत्या. दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. मजकुराचा मोठा भाग बातम्यांचा किंवा चालू विषयांवरच्या लेखांचा हवा. आणि खरीखुरी वर्गणीदारांची यादी हवी. १८ जून २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी २०२३चा नवा कायदा लागू झाला आहे. म्हणून अर्जाचा नमुना कोणाच्या जुन्या फायलीतून काढू नका, कार्यालयातूनच घ्या. तयारी मात्र या तिन्ही कसोट्यांना उतरेल अशीच ठेवा.

पहिल्या कसोटीत त्रैमासिकं आणि द्वैमासिकं बाहेर पडतात. नुसता दिवाळी अंक काढणारेही बाहेर. मासिकाचा दिवाळी विशेषांक असेल तर प्रश्न नाही. ४०० ग्रॅमचा जाडजूड दिवाळी अंकसुद्धा वरच्या हिशेबाने १ रुपया १० पैशांत जातो. गोची होते ती जोडअंकाची. ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’ असा एकच अंक काढला की मधलं अंतर ३१ दिवसांच्या पुढे जातं. तसा बेत असेल तर डाक अधीक्षकांच्या कार्यालयाला आधी लेखी विचारा.

मजकुराचं म्हणाल तर तासगावातून द्राक्ष आणि बेदाण्यावर मासिक काढणाऱ्याला अडचण येऊ नये. सौद्यांचे भाव, हवामान, निर्यातीचे नियम हे सगळे चालू विषयच. निव्वळ कथा-कवितांच्या मासिकाने मात्र महिन्याच्या घडामोडींना नीट जागा द्यावी, चार ओळींची चौकट टाकून भागवू नये.

संस्थांची वार्तापत्रं बहुतेक वेळा तिसऱ्या कसोटीवर अडकतात. १९२० साली किर्लोस्करवाडीत सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मुळात कारखान्याची खबरच होती, पुढे तिचं घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. तुमच्या संस्थेचं वार्तापत्रही असं वाढू शकतं, पण ते फुकट वाटलं जातंय तोवर वर्गणीदार दाखवणार कुठून?

नावाची नोंदणी

पोस्टाकडे जाण्याआधी दिल्लीची नोंदणी लागते. पूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांसमोर डिक्लेरेशन करावं लागे आणि कागद आरएनआयकडे, म्हणजे दिल्लीच्या वृत्तपत्र निबंधकांच्या कार्यालयाकडे, जात. १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचाही नवा कायदा लागू आहे, आरएनआयचं नाव आता प्रेस महानिबंधक असं झालं आहे आणि नाव मिळवणं व नोंदणी हे दोन्ही अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच होतात. मराठीत देशात कुठेही तेच किंवा मिळतंजुळतं नाव असेल तर मिळत नाही. महाराष्ट्रात दुसऱ्या भाषेत असलं तरी नाही. ‘कृष्णाकाठ’, ‘शिवार’ अशी नावं पहिल्या झटक्यात सगळ्यांनाच सुचतात, तेव्हा दोन-चार पर्याय जवळ ठेवा. जिल्हा प्रशासनाला हरकत-नाहरकत कळवायला ६० दिवसांची मुदत असते. पहिल्या अंकाचा मुहूर्त त्यापुढे धरा. प्रमाणपत्र हाती नसताना प्रकाशन समारंभाच्या पत्रिका छापू नयेत, पाहुणे कितीही मोठे असोत.

वर्गणीदारांची यादी

किमान ५० खरे वर्गणीदार दाखवावे लागतात. पन्नासवर थांबू नका, कारण पत्ता बदललेले आणि वर्गणी संपलेले त्यातून गळतात. यादीत नाव, पिनकोडसह पूर्ण पत्ता, पावती क्रमांक, रक्कम आणि वर्गणी कधीपासून कधीपर्यंत, एवढे रकाने असावेत. पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक या यादीशी जुळलं पाहिजे. पोस्टाचा माणूस यादीतल्या एखाद्याला गाठून ‘तुम्ही हे मासिक घेता का?’ असं विचारू शकतो. मेहुण्या-पाहुण्यांची नावं न विचारता घातलेली यादी तिथेच उघडी पडते.

अर्ज कुठे, कशासह

प्रकाशनाचं ठिकाण ज्या पोस्ट विभागात येतं, तिथल्या डाक अधीक्षकांकडे अर्ज जातो. छपाई कोल्हापुरात होत असली तरी प्रकाशन सांगलीचं असेल तर सांगली विभाग. सातारा जिल्ह्यात जरा जपून, कारण तिथे सातारा आणि कराड असे दोन विभाग आहेत. कराडकरांनी साताऱ्याला खेटे घालू नयेत.

अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, ताज्या अंकाच्या दोन प्रती आणि वर्गणीदारांची यादी जोडा. अंक किती दिवसांनी निघतो, साधारण वजन किती, प्रती किती आणि कोणत्या पोस्टात कोणत्या तारखांना टाकणार, हेही लिहा. सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर आवक शिक्का घ्या. हा शिक्का नसेल तर पुढच्या प्रत्येक चौकशीला ‘कधी दिला होता अर्ज?’ इथूनच सुरुवात होते.

अर्जाला छापलेला अंक लागतो, याचा सरळ अर्थ असा की सुरुवातीचे अंक सवलतीशिवायच पोचवावे लागतात. त्यांचे गठ्ठे एसटीच्या पार्सलने विटा, जत, आटपाडीला पाठवून तिथल्या ओळखीच्या माणसाकडून वाटून घेणं स्वस्त पडतं. फक्त दूरच्या वर्गणीदारांचे अंक पोस्टाने टाका.

वजन

छापखान्यात कागद ठरवतानाच वजनाचा हिशेब करा. ए-फोर आकाराची ४० पानं ६० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम) कागदावर छापली तर साधारण ७५ ग्रॅम होतात. १३० जीएसएमचं चार पानी मुखपृष्ठ १६ ग्रॅमचं. वेष्टन आणि पत्त्याची चिठ्ठी धरून अंक ९६-९७ ग्रॅमवर येतो आणि ५० पैशांत बसतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो, म्हणून नेमकं शंभरावर आणून ठेवू नका. आठ पानं वाढवलीत तर अंक ११२ ग्रॅमच्या आसपास जाईल आणि ७० पैसे पडतील. पाचशे प्रतींना शंभर रुपये जास्त. एवढ्यासाठी वाचनाची आठ पानं कापावीत असं मला वाटत नाही. कापायचीच तर मुखपृष्ठाची जाडी कापा.

नोंदणी मिळाल्यावर

पोस्टाचा नोंदणी क्रमांक प्रत्येक अंकावर छापायचा. वेष्टनावर ‘रजिस्टर्ड न्यूजपेपर’ असं ठळक लिहायचं, वेष्टन दोन्ही टोकांना उघडं ठेवायचं आणि आत चिठ्ठी-चपाटी काही घालायची नाही. ‘वर्गणी संपली, कृपया पाठवा’ ही हाताने लिहिलेली चिठ्ठीसुद्धा नको. ती सूचना अंकातच छापा, किंवा वर्गणी संपण्याची तारीख पत्त्याच्या चिठ्ठीवर घ्या.

पुरवणीची गोष्ट वेगळी. तिच्यावर अंकाचीच तारीख हवी, मजकूर मासिकासारखाच हवा आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर मासिकाचं नाव व तारीख हवी, असं जुना कायदा सांगत असे. पुरवणी आजही तशीच काढावी. खत-औषधांच्या कंपनीचं सुटं रंगीत हँडबिल त्यात बसत नाही. जाहिरातदार आग्रह धरतोच, त्याला आतलं पान विका.

टपालाच्या तारखा एकदा ठरल्या की पाळाव्या लागतात. म्हणून ‘दर महिन्याच्या १ तारखेला’ असं उत्साहाने लिहून देऊ नका. छापखाना, बाइंडिंग आणि संपादकांचा अग्रलेख यांतलं काहीतरी उशिरा येणारच. ५ आणि ६ अशा लागून दोन तारखा मागून घेतलेल्या बऱ्या.

गठ्ठे पिनकोडप्रमाणे लावून न्या. सांगली जिल्ह्यात हे जरा फसवं आहे. सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, तासगाव ४१६३१२, जत ४१६४०४. पण विटा ४१५३११ आणि आटपाडी ४१५३०१. म्हणजे ‘४१५ म्हणजे सातारा’ असं धरून गठ्ठे बांधले की विट्याचे अंक भलत्या पिशवीत जातात.

नोंदणी कायमची नसते. मासिकांवर नोंदणी क्रमांकापुढे ‘२०२४-२६’ असे आकडे दिसतात, ती तीन वर्षांची मुदत. ती तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. दिवाळी अंकाच्या धामधुमीत नूतनीकरण हमखास विसरतं. तेव्हा त्या वर्षी अर्ज सप्टेंबरातच तयार ठेवा आणि सोबत जोडायची वर्गणीदारांची यादी ताजी करून घ्या.