नवं किंग एअर विकत घेण्याआधी

फ्लाइट सिम्युलेटरसाठी किंग एअर ३५० या विमानाचं नवं अ‍ॅड-ऑन येणार म्हटल्यापासून मी रोज त्याचे व्हिडिओ बघतोय. पण मागच्या खेपेला पहिल्याच दिवशी एक टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रॉपेलर फिरवणारं विमान) घेतलं आणि इंजिन निघालं चक्क पिस्टनचं, फक्त आवाज बदललेला. म्हणून या वेळी आधी पारख.

उभ्या, बंद विमानाचा फोटो बघा. प्रॉपेलरची पाती धारेवर वळलेली, म्हणजे फेदर झालेली हवीत. त्याचं पीटी६ इंजिन बंद पडलं की तेलाचा दाब जातो आणि पाती आपोआप फेदर होतात. सपाट दिसली तर मला तिथेच शंका येते.

मग स्टार्टचा व्हिडिओ. एन-१, म्हणजे इंजिनच्या गाभ्याचा (गॅस जनरेटरचा) वेग, साधारण १२ टक्क्यांवर गेल्यावरच इंधन सोडतात. आयटीटीचा, म्हणजे टर्बाइनमधल्या तापमानाचा, काटा झपकन चढून पुन्हा खाली स्थिरावला पाहिजे.

खरी कसोटी हवेत. पॉवर लिव्हरला हात न लावता प्रॉप १७०० वरून १५०० आरपीएमवर आणा. टॉर्क, म्हणजे दांड्यावरचा पीळ, वाढायला हवा: ६० टक्के असेल तर साधारण ६८. शक्ती तीच, फेरे कमी, मग पीळ जास्त. प्रॉपची टर्बाइन गॅस जनरेटरला दांड्याने जोडलेली नसते, त्यामुळे एन-१ फारसा हलता कामा नये. इथे टॉर्कही खाली आला, तर कॉकपिट कितीही देखणं असो, मी पैसे देत नाही.

उतरल्यावर पॉवर लिव्हर बीटात, म्हणजे पाती जवळजवळ सपाट होतात त्या टप्प्यात, ओढा. ब्रेक न लावताही वेग जाणवण्याइतका पडला पाहिजे.