पीएचडी की कंपनी? आधी प्रश्न सापडू द्या

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं पीएचडीबद्दल विचारायला येतात, तेव्हा मी आधी एवढंच विचारतो, "कशावर करायची आहे?" बहुतेकांचं उत्तर संस्थेचं असतं. पवईच्या आयआयटीत करायची आहे, बंगळुरूला करायची आहे, जर्मनीला जायचं आहे. विषय विचारला की थर्मल, डिझाइन, नाहीतर एआय. ही शाखांची नावं झाली. ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडणार नाही असा प्रश्न अजून त्यांच्याकडे नसतो, आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी तो नसणं अगदी साहजिक आहे. अशा मुलांना मी मनापासून सांगतो की आधी दोन-तीन वर्षं कारखान्यात जा. मला माझा प्रश्न तिथेच मिळाला.

मी मेकॅनिकलचा. सांगलीहून शिकून चाकणला एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत लागलो. डिस्क ब्रेक हलका दाबला की कधी कधी किंचाळतो. हा आवाज साधारण हजार हर्ट्झपासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत कुठेही येऊ शकतो. ब्रेक लागतो व्यवस्थित, पण नव्या गाडीचा मालक तो आवाज सहन करत नाही, गाडी परत सर्व्हिस सेंटरला येते. कंपनीत यावरचे उपाय ठरलेले असतात. डायनोवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, चाचणी लावायची, पॅडच्या कडांना चॅम्फर म्हणजे तिरपा काप द्यायचा, मधोमध खाच पाडायची, मागे वेगळी शिम म्हणजे पातळ पट्टी लावायची, तरीही नाही जमलं तर घर्षणाचं मटेरियल बदलायचं. आवाज थांबला की कस्टमरची, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीची, सही घ्यायची आणि पुढच्या मॉडेलकडे वळायचं. आवाज नेमका का थांबला हे शोधायला तिथे वेळ नसतो, आणि नसावाच. गाडी बाजारात यायची तारीख ठरलेली असते, शेकडो लोकांचं काम तिच्यावर अवलंबून असतं.

माझं मन मात्र त्या 'का'पाशीच अडकलं. संगणकावर कॉम्प्लेक्स आयगेनव्हॅल्यू पद्धतीने गणित केलं की ते दहा-बारा वारंवारतांवर अस्थिरता, म्हणजे आवाज येण्याची शक्यता, दाखवतं, आणि डायनोवर त्यातल्या एक-दोन वारंवारतांवरच आवाज येतो. बाकीच्या गप्प का? तोच पॅड सकाळच्या दमट हवेत ओरडतो आणि दुपारी शांत होतो, तो का? रविवारीही मी यावरचे संशोधन पेपर वाचत बसायचो. नोकरी सोडून पीएचडीला जाण्याचा निर्णय त्यातून झाला, आणि तो घेणं मला जड गेलं नाही. माझ्याच टीममधला एक सहकारी होता, त्याला खरा आनंद व्हायचा तो आवाज बंद झाल्यावर. तो उत्तम इंजिनिअर आहे, आज मोठी टीम सांभाळतो, आणि पीएचडीत त्याची वर्षं वाया गेली असती असं तोही म्हणतो. कुणाची हुशारी कमी-जास्त नव्हती. कामाचा शेवट कुठे झाला म्हणजे समाधान वाटतं, एवढाच फरक होता.

आता पीएचडीची वर्षं कशी जातात ते सांगतो, कारण बाहेरून त्याची कल्पना येत नाही. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि क्वालिफायर परीक्षेचं. मग विषयाचा प्रस्ताव, दर वर्षी समितीपुढे प्रगतीचं सादरीकरण, शेवटी सिनॉप्सिस म्हणजे कामाचा सारांश, थीसिस म्हणजे प्रबंध, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. इंजिनिअरिंगमध्ये प्रयोगाचं काम असेल तर पाच वर्षं धरूनच चाला. यातला कठीण भाग मधला. कंपनीत मॅनेजरच्या एका ईमेलवर जो सेन्सर येतो, तोच सरकारी संस्थेत कोटेशन, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, खरेदी समिती या वाटेने यायला महिने लागतात. प्रयोगाचा रिग, म्हणजे चाचणीची मांडणी, उभा राहतो आणि पहिले सगळे आकडे निरुपयोगी निघतात. शुक्रवारी दाखवायला काहीच नाही, असे आठवडे सलग येतात. ज्याला रोज संध्याकाळी काहीतरी पूर्ण झालेलं पाहायची सवय आहे त्याला हा काळ फार जड जातो.

पैशाचं स्पष्ट बोलू. आयआयटीसारख्या संस्थांत 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. त्याच्या बदल्यात आठवड्याला काही तास टीए, म्हणजे शिकवण्यातला मदतनीस, म्हणून काम असतं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर ही रक्कम 70,000 ते 80,000 पर्यंत जाते, पण तिची निवड कडक असते. एकट्याचा हॉस्टेलवरचा खर्च यात नीट भागतो. मात्र पीएफ नाही, आणि या वर्षांत बरोबरीचे मित्र फ्लॅट घेतात, गाडी घेतात. घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू असतील किंवा वडील निवृत्तीला आले असतील तर आकडे कागदावर मांडून आईवडिलांसमोर बसा. माझ्या घरी विरोध होईल असं सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात वडिलांना फक्त किती वर्षं आणि महिन्याला किती, एवढंच हवं होतं. डॉक्टरेट झाल्यावर पगार आपोआप वाढतो या हिशेबाने मात्र जाऊ नका. तुमच्याच विषयातल्या कामावर गेलात तर दर्जा आणि पगार दोन्ही मिळतात. इतरत्र कंपनी तुमच्या पाच वर्षांना पाच वर्षांचा अनुभव धरेलच असं नाही.

आणि आता गाइड, म्हणजे संशोधनाचा मार्गदर्शक प्राध्यापक. सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: संस्थेच्या नावापेक्षा गाइड मोठा. पाच वर्षं तुमचा विषय, तुमचे पैसे, तुमची शिफारसपत्रं, थीसिस जमा करायची परवानगी, सगळं त्या एका माणसाशी जोडलेलं असतं. नोकरीत साहेबाशी पटलं नाही तर तीन महिन्यांची नोटीस देऊन सुटता येतं. इथे गाइड बदलणं नियमात बसतं, पण प्रत्यक्षात बरीचशी सुरुवात पुन्हा करावी लागते. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या लॅबमध्ये जा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये चहाला न्या आणि विचारा: सर किंवा मॅडम किती दिवसांनी भेटतात? पेपरचा मसुदा वाचून परत यायला किती वेळ लागतो? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत? मध्येच सोडून गेलेले कितीजण, आणि का? मोकळेपणाने उत्तरं आली तर उत्तम. मुलं इकडेतिकडे बघत बोलायला लागली तर ती लॅब सोडा, संस्था कितीही नामांकित असो. माझ्या गाइड मॅडम दर मंगळवारी भेटायच्या, काही झालेलं असो वा नसो. त्या एका सवयीने माझी पीएचडी तडीला नेली.

पदवी लागते कुठे, हेही आधी पाहा. आयआयटी-एनआयटीत प्राध्यापक व्हायचं तर पीएचडीला पर्याय नाही. इतर इंजिनिअरिंग कॉलेजांत एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमांनुसार एम.टेक.वर सहायक प्राध्यापक होता येतं, पण सहयोगी प्राध्यापकपदाला पीएचडी लागते. मोठ्या कंपन्यांच्या संशोधन विभागांत काही जागा डॉक्टरेटवाल्यांसाठीच असतात. याउलट सिम्युलेशन, चिप डिझाइन, टेस्टिंग, प्रॉडक्ट डेव्हलपमेंट या बहुतेक कामांना चांगलं एम.टेक. पुरतं. बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, तर बी.ई. झालेल्यांना ट्रेनिंग स्कूलमधून वैज्ञानिक अधिकारी म्हणून घेतं, आणि पुढे होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून नोकरीत राहूनच पीएचडी करता येते.

कारखाना आणि संशोधन ही दोन टोकं नाहीत, हे आपल्याकडे माटुंग्याच्या यूडीसीटीने, म्हणजे रसायन तंत्रज्ञान शिकवणाऱ्या आजच्या आयसीटीने, केव्हाच दाखवून दिलं आहे. तिथले प्रा. मनमोहन शर्मा रासायनिक उद्योगांचे सल्लागार होते आणि उद्योगांतल्या अडचणींतून मूलभूत संशोधनाचे विषय निघायचे. त्यांच्याच हाताखाली गोव्यातल्या माशेल गावचे शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर 1969 साली पीएचडी झाले. जर्मनीत इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट बहुतेकदा पगारी नोकरीच असते. विद्यापीठाशी किंवा फ्राउनहोफरसारख्या संशोधन संस्थेशी करार होतो आणि उद्योगांचे प्रकल्प सांभाळत थीसिस लिहिला जातो.

नोकरीत राहून पीएचडी करण्याची सोय आयआयटींतही आहे, कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. मी तो मार्ग घेतला नाही, कारण चाचण्यांचे आकडे छापायला कंपनी परवानगी देणार नव्हती, आणि ते तिच्या बाजूने योग्यच होतं. तुम्ही हा मार्ग घेणार असाल तर कोणती माहिती प्रसिद्ध करता येईल ते लेखी घ्या, तोंडी शब्दावर पाच वर्षं लावू नका.

आज तुम्ही तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाला असाल तर एक करा. फेब्रुवारीतली गेट, म्हणजे एम.टेक. आणि पीएचडीच्या प्रवेशाची परीक्षा, द्या, तिसऱ्या वर्षालाही बसता येतं. स्कोअर तीन वर्षं चालतो. तो हातात ठेवून नोकरी धरा, शक्यतो जिथे शॉप फ्लोअर किंवा टेस्ट लॅब जवळ असेल अशी, आणि एक वही ठेवा. ज्या अडचणी सुटल्या पण का सुटल्या ते कुणालाच सांगता आलं नाही, त्या तारखेसह लिहीत जा. आयआयटींचे पीएचडी प्रवेश साधारण वर्षातून दोनदा होतात. स्कोअर संपायच्या आधीच्या फेरीला ती वही काढा, पुन्हा पुन्हा आलेली नोंद शोधा, आणि त्यावर काम करणाऱ्या दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे पेपर वाचून मगच ईमेल लिहा. ईमेलमध्ये मार्क शेवटच्या ओळीत टाका. पहिल्या ओळीत ती अडचण लिहा.